मंडईच्या दिवशी डॉक्टर शोधताना

सांगली डेपोत कंडक्टर म्हणून आयुष्य गेलं. दुसऱ्यांना तिकिटं फाडून द्यायची, स्वतः कुठं जायचं नाही, असा आमचा धंदा. त्यामुळं रिटायर झाल्यावर मी गोंदियाला जाऊन आले तेव्हा गल्लीतल्या बायका पाठीच लागल्या. काय बघितलं, वाघ दिसला का, तळी दिसली का, धरण दिसलं का. इटियाडोहचं धरण बघायचं ठरलं होतं, ते राहिलं. वाघ राहिला. मी बघितली ती एक डॉक्टर, आणि तिला बघायला अर्धा दिवस गेला. तेवढंच सांगते.

जायचं कारण असं, की माझ्या लेकीला, शीतलला, पुण्यात दुसरं बाळ झालेलं. थोरली रेवा चार वर्षांची. तिच्या आजी-आजोबांचं, म्हणजे शीतलच्या सासू-सासऱ्यांचं गाव गोंदिया जिल्ह्यात, गोरेगावजवळ. दिवाळीला नात पाहिजे म्हणून त्यांनी फोनवर फोन केले. जावयाला रजा नाही, शीतल ओली बाळंतीण. रिकामी कोण, तर मी. सांगलीहून गाडीत बसले, पुण्याच्या फलाटावर शीतलनं रेवाला दारातून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या भरवशावर पाठवते बरं का." मी म्हटलं, "अगं, हजारो पॅसेंजर उतरवलेत जागच्या जागी. एक जड आहे होय मला?" मोठं तोंड करायची खोड माझी जुनीच.

गोंदिया स्टेशन

उतरल्याबरोबर पहिली गोष्ट कळली ती ही, की इथं हमालापासून चहावाल्यापर्यंत सगळे हिंदीत बोलतात. मला वाटलं, आपण महाराष्ट्राच्या पुढं गेलो, स्टेशन चुकलं. तेवढ्यात व्याही आले, बिसेनजी. उंच, पांढरे कपडे, खांद्यावर दुपट्टा. आमच्याकडं विहीणबाई म्हणतात, ते मला समधीनबाई म्हणाले. "समधीनबाई, टेन्शन नोका घेऊ, गाडी आणली आहे जी."

गाडी पुतण्याची, चालवायला पुतण्या. शहर संपलं आणि दोन्ही बाजूला धान, म्हणजे भात, सुरू झाला. आमच्याकडं ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो, पलीकडचं काही दिसत नाही. इथं पिकलेला धान गुडघ्या-मांडीइतका, नजर जाईल तिथवर पिवळा, आणि मध्येच एखादं तळं. इतकं उघडं रान मला सवयीचं नाही. रेल्वे फाटक यायच्या आत बिसेनजींनी मला सांगून टाकलं, की त्यांचे पूर्वज माळव्यातून आले. मी म्हटलं, आमचे कुठूनच आले नाहीत, होते तिथंच आहेत. त्यांनी काच खाली करून मला पुढचं तळं दाखवलं.

घरात ते आपसात पोवारी बोलत. मला निम्मं कळे, आणि न कळलेलं निम्मं माझ्याबद्दल असावं असं वाटे. विहीणबाई स्वभावानं चांगल्या, पण रेवाच्या बाबतीत आमचं एकही जुळेना. त्या टोपी घालत, मी काढी. त्या म्हणत दुधात हळद घाला, मी म्हणे पोर ओकंल. त्या तिला तिन्ही वेळा भात भरवत, मी मागून भाकरीचा तुकडा कोंबे. बिसेनजी मधे पडत नव्हते, ते पोरीला उचलून सरळ शेतावर नेत. पोर एक आणि मालक तीन, अशी तिची गत.

मंडई

दिवाळी झाली की तिकडं गावोगाव मंडई भरते. आमच्या जत्रेसारखी, पण देवापेक्षा पाहुण्यांची. प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवतं. त्या दिवशी गावच्या सगळ्या लेकी-जावयांनी, सोयऱ्यांनी यायचं. दुपारी दंडार असते, म्हणजे ढोलकी आणि टाळांवर गाणी, नाच, सोंगं. बायकांची कामं बापईच करतात, लुगडं नेसून. आणि एक नियम पक्का. मंडईच्या दिवशी ज्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं, तिथं जेवल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पाहुणा जेवला नाही तर घरचं कुणी जेवत नाही. मला हा नियम फार आवडला होता. आमच्याकडं "जेवून जा की" म्हणतात आणि दार लोटून घेतात.

आमच्या व्याह्यांच्या गावची मंडई शनिवारी होती. रेवा दिवसभर बिसेनजींच्या खांद्यावर. ज्या दुकानापुढं जातील तिथं कुणीतरी काका, मामा, आत्या तिच्या हातात काहीतरी देई. उकडलेले शिंगाडे, जिलबी, मुर्रा म्हणजे चुरमुरे, उडदाचे वडे, लाल रंगाचा बर्फगोळा. तिकडं पाणीपुरीला गुपचूप म्हणतात, ती सुद्धा खाल्ली पोरीनं. मी बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. माझी नात एवढ्या लोकांची लाडकी आहे म्हणून मीच मिरवत होते.

रविवार

पहाटेच पोर ओकली. मग पुन्हा ओकली. मग पोट सुरू झालं. आठ वाजेपर्यंत माझी दोन लुगडी आणि विहीणबाईंची एक चादर धुऊन वाळत पडली होती. तोवर मी घाबरले नव्हते. पोरं ओकतात, मग बरी होतात.

रेवा पाणी मागे, पाणी दिलं की ओके. तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "पाणी बंद करा जी. पोटात काई नाई गेलं तं निंगल कुठून?" आणि मी म्हटलं, "अगदी बरोबर. पोटाला विसावा द्यायचा." आल्यापासून आम्हा दोघींचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. इतकं गोड वाटलं मला, की आम्ही दोघींनी मिळून तांब्या उचलून फडताळात ठेवला. रेवा तांब्याकडं बोट दाखवून रडली. मी तिला गोष्ट सांगितली.

अकराच्या सुमाराला ती रडायची थांबली. विहीणबाई म्हणाल्या, आराम पडला. मी मांडीवर घेतली तर मान टाकून पडली. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. हाक मारली तर बघे, पण बघून काही बोलेना. ही पोर झोपेतसुद्धा बडबडते.  शीतल फलाटावर काय म्हणाली ते आठवलं आणि मी ओरडले, "बिसेनजी, डॉक्टर."

रविवार, त्यात मंडईचे दिवस. चारचाकी घेऊन पुतण्या सासुरवाडीच्या मंडईला गेलेला. सरकारी दवाखान्यात बिसेनजींनी फोन लावला. तिथले डॉक्टर एका अपघाताच्या माणसाला घेऊन गोंदियाला निघालेले, तासाभरात येतील म्हणाले. "तासभर काऊन थांबाचं?" बिसेनजी म्हणाले. "गोरेगावात कटरे मॅडम आहेत, लहान पोरांच्या. चला."

निघालो मोटारसायकलवर. रेवाला लुगड्याच्या पदरानं पोटाशी बांधली. हेल्मेटमुळं बिसेनजींना मागचं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी आमच्या खात्याची घंटीची पद्धत लावली. पाठीवर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. त्यांना ती न सांगताच कळली. वाटेत दोनदा एक थाप द्यावी लागली, पोरीनं कोरड्या उलट्या केल्या म्हणून. पोटातनं काहीच येत नव्हतं, नुसती कळ. धान भरलेला एक ट्रॅक्टर समोरून आला आणि त्यावरच्या बाईनं विचारलं, "कुठी चालले जी?" बिसेनजी म्हणाले, "दवाखान्यात." ती म्हणाली, "आज कोण भेटते?" अशी शुभ बोलणारी माणसं सगळीकडं असतात.

गोरेगाव

दवाखान्याला कुलूप. दारावर पुठ्ठा, त्यावर मोठ्या अक्षरात: मंडईनिमित्त दवाखाना बंद. खाली मॅडमचा फोन नंबर. लावला, वाजला, उचलला नाही. पाचदा लावला. शेजारच्या किराणा दुकानाचं एक फळकूट उघडं होतं. आतला माणूस पुड्या बांधता बांधता म्हणाला, "मॅडम मायघरी गेल्या जी, मंडईले. सहा-सात किलोमीटर असंल. फोन नाई उचलाच्या त्या, दंडारीत कोणाले ऐकू येते?"

मी तिथं पायरीवर बसले आणि बिसेनजींवर तोंड सोडलं. पोरीला काय काय चारलं, कुठं कुठं फिरवलं, गुपचूप म्हणे गुपचूप, चार वर्षांच्या पोराला कुणी देतं का. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "समधीनबाई, गाडीवर बसून बोला. तेवढाच टाइम वाचंल." खरं होतं ते. मी बसून बोलले.

मॅडमचं माहेर

गावाच्या अलीकडंच गाड्यांची रांग लागलेली. गर्दी अशी, की आमच्या सणासुदीच्या एसटीतसुद्धा मी एवढी माणसं घेतली नसती. मधे मांडव, मांडवात दंडार, मिशा असलेला एक बापई हिरवं लुगडं नेसून मुरडत होता आणि लोक बेभान. मॅडमचं घर कुठलं ते विचारायचं तर कुणाला काही ऐकूच येईना. बिसेनजी सरळ स्टेजवर चढले. माईकवाल्याच्या कानात बोलले. माईकवाल्यानं दंडार थांबवली आणि पुकारा केला, "डॉक्टर जिथं कुठं असतील तिथून स्टेजजवळ या. पुण्याची पोरगी सीरियस आहे. डॉक्टर, लवकर या."

मॅडमचं नाव घ्यायचं तो विसरला. दोन मिनिटांत तीन डॉक्टर हजर.

पहिला जडीबुटीचं दुकान लावून बसलेला. त्यानं येतानाच एक मुळी आणलेली. दुसरे नागपूरच्या कॉलेजातले प्राध्यापक, दंडारीवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले. ते बिचारे म्हणाले, "मला वाटलं माझा सत्कार आहे." पण गेले नाहीत, पोरीवर वहीनं वारा घालत उभे राहिले. तिसरा तिशीतला एक सडपातळ गडी, बुटाला शेण लागलेलं. लोक म्हणाले, ढोर डॉक्टर आले.

मी म्हटलं, "आमचं काय वासरू आहे होय?"

"बाई, मी जनावराचा डॉक्टर आहो," तो म्हणाला. "पोरीले औषध देता येत नाई मले. पण पाहू तं द्या." त्यानं रेवाचा सदरा वर केला, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. हळूहळू बसली. "वासराले हगवण लागली का आमी असंच पायतो. पाणी कमी पडलं हिले. सकाळपासून काय पाजलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "बंद केलंय ना पाणी."

"बंद काऊन केलं जी?"

मी बिसेनजींकडं बघितलं, त्यांनी जमिनीकडं. इतकी वर्षं फुकट्या पॅसेंजरांना पकडलं मी, त्यांची तोंडं कशी होतात ते मला माहीत आहे. माझं तसंच झालं होतं. पोर तांब्याकडं बोट दाखवत रडत होती आणि मी तिला गोष्ट सांगत होते. दुसऱ्या कुणी नाही, मीच केलं होतं ते.

"कटरे मॅडम घरी वडे तळून राहिल्या," ढोर डॉक्टर म्हणाला. "चला माह्यासंगं." आणि रेवाला माझ्याकडून घेऊन तो गर्दीतून असा निघाला, की आम्हाला मागं पळावं लागलं. आमच्या मागं प्राध्यापक. त्यांच्या मागं मुळीवाला.

अंगण

मॅडम चुलीपुढं होत्या, कोपरापर्यंत हात उडदाच्या पिठात. माहेरी आलेली लेक, तिला काय ठाऊक बाहेर डॉक्टरसाठी काय पुकारा चाललाय. हात धुतले, रेवाला खाटेवर घेतलं. जीभ बघितली, डोळे बघितले, नाडी बघितली, पोट चेपलं. मग मला विचारलं, "सू कधी केली होती शेवटची?"

मला आठवेना. काल रात्री, मी म्हटलं. मॅडमनी बॅगेतून ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेची, पुडी काढली, उकळून गार केलेलं लिटरभर पाणी आणवलं, त्यात ती सगळी पुडी विरघळवली आणि एक चमचा माझ्या हातात दिला. उलटी थांबायचं औषध त्यांनी स्वतः पाजलं. मग म्हणाल्या, "एक चमचा द्यायचा, मिनिटभर थांबायचं, परत एक चमचा. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू. एकदम पेलाभर नाही. दंडार संपायला दीड-दोन तास आहेत. तोवर हिनं सू केली तर घरी न्या. नाही केली किंवा जास्त सुस्त झाली, तर गोंदियाला सलाइन. माझी गाडी दारात आहे, मी येते बरोबर."

बसले मी चमचा घेऊन. एक चमचा, मिनिट. एक चमचा, मिनिट. मिनिट मोजायला प्राध्यापकांनी घड्याळ धरलं. सातव्या चमच्याला ओकली. माझा जीव गेला. मॅडम म्हणाल्या, "चालतंय, थांबा." थांबलो. पुन्हा पहिल्यापासून.

एवढ्यात मॅडमची आई ताट घेऊन आली. "पाहुणीबाई, पहिले दोन घास खाऊन घ्या."

मी म्हटलं, "माफ करा. पोरीला सू झाल्याशिवाय मी घास घेणार नाही."

हे मी रागानं नाही, मनापासून बोलले. पण बोलताना त्या गावचा नियम विसरले. बिसेनजी म्हणाले, "समधीन नाई जेवल्या तं मी कसा जेवू?" त्यांनी हात बांधले. पाहुणे जेवत नाहीत म्हटल्यावर मॅडमच्या वडिलांनी ताट बाजूला सारलं. वडील जेवले नाहीत म्हणून भाऊ. भाऊ नाही म्हणून जावई. मॅडमच्या दोन आत्या लांबून आलेल्या, त्यातल्या एकीला साखर होती. तिला मॅडमनं रागावून जेवायला बसवलं, आणि ती पाठ फिरवून, चोरी केल्यागत जेवली. बाकी तीस माणसं वड्यांच्या परातीभोवती बसून माझ्या नातीकडं बघत राहिली.

मी हात जोडले. म्हटलं, अहो, तुम्ही जेवा. मॅडमची आई म्हणाली, "असं कसं जी? मंडई आहे आज."

मग सगळ्यांनीच सूचना सुरू केल्या. एका आत्यानं सांगितलं, पाण्याची धार ऐकवा. प्राध्यापक तांब्यातनं बादलीत पाणी ओतत बसले. दुसरी म्हणाली, पाय गार पाण्यात ठेवा. मुळीवाला म्हणाला, मुळी उगाळू का, त्याला ढोर डॉक्टरनं बाहेरचं काम सांगितलं. दर पाच मिनिटांनी मांडवातून एक माणूस येई आणि विचारी, "झाली का?" माईकवाल्यानं पाठवलेला. तिकडं तो दोन गाण्यांच्या मधे सांगत होता, "अजून नाई." मी ऐकलं ते आपल्या कानानं. मांडवातली शे-दोनशे माणसं हळहळली तेही ऐकलं. कुणीही हसलं नाही. आमच्याकडं हसले असते.

एक तास गेला. रेवानं चमचा ओळखायला सुरुवात केली, यायच्या आधी तोंड उघडी. मग एकदा चमच्याची दांडी धरून ठेवली, सोडेना. मॅडम चुलीपुढनं म्हणाल्या, "छान." पण सू काही नाही. बिसेनजी उठून दारापर्यंत जात, मॅडमच्या गाडीकडं बघत, परत येत. एकदा माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "समधीनबाई, मी म्हातारा माणूस. मले बी तं समजाले पाहिजे होतं."  मी म्हटलं, "चमचा धरा. माझा हात भरून आलाय." खरं म्हणजे हात भरला नव्हता, डोळे भरले होते.

दंडार संपल्याची ढोलकी वाजली. मॅडमनी पदर खोचला, गाडीची किल्ली घेतली. मी रेवाला उचलून कडेवर घ्यायला मांडीवर उभी केली आणि तेवढ्यात माझ्या मांडीवरून गुडघ्यापर्यंत कोमट, कोमट काहीतरी उतरलं. मला आधी कळलंच नाही. बिसेनजींनी बघितलं. हा सहा फुटी माणूस मटकन खाली बसला आणि दुपट्ट्यात तोंड घालून रडायला लागला. मग मी पण लागले. लुगडं ओलं, डोळे ओले, आणि रेवा दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "आजी, पाणी."

ढोर डॉक्टर मांडवाकडं पळाला. माईकवरनं आलं, "झाली." टाळ्या अंगणापर्यंत ऐकू आल्या.

त्यानंतर तीस माणसं जी जेवायला बसली, ती काय वर्णावी. मी लुगडं बदललं नाही, तशीच पंगतीला बसले. वडे गार झाले होते, रस्सा पुन्हा तापवला होता, आणि तसं जेवण मी जन्मात जेवले नाही. मॅडमनी बजावलं, चमचा दिवसभर चालू ठेवायचा, उद्या सकाळी पुन्हा दाखवायचं, आणि पोराला कितीही उलट्या होऊ देत, पाणी कधी बंद करायचं नाही. मी विहीणबाईंना फोन लावून हेच सांगितलं. पलीकडं फडताळाचं दार वाजलं. मग म्हणाल्या, "तांब्या काढून ठेवते जी."

दुसरा फोन पुण्याला लावायला हवा होता, माझं धाडस होईना. पण विहीणबाईंनी पुतण्याला कळवलेलं, आणि त्याच्याकडून बातमी आधीच पोचलेली. शीतलचाच फोन आला. मी उचलला आणि म्हटलं, "शीतल, माझी चूक झाली. मी पाणी बंद केलं पोरीचं."

बिसेनजींनी फोन ओढून घेतला. "सूनबाई, त्यांचं काई ऐकू नोको. सगळं अरबट-चरबट मीच चारलं. चूक माही."

मी फोन परत ओढला. म्हटलं, "तुम्ही कशाला मधे? माझ्या भरवशावर पाठवली होती पोर." ते म्हणाले, घर माहं, पोरगी माह्या घरात बिमार पडली. भरल्या पंगतीत आम्ही दोघं चूक कुणाची यावर भांडत होतो, आणि ताटं घेऊन बसलेली माणसं एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होती.

फोनमधून शीतल ओरडली, "दोघंही गप्प बसा. रेवाला द्या फोन."

रेवानं फोन दोन्ही हातांत धरला. आवाज बारीक, पण आवाज होता.

"आई," ती म्हणाली, "मी सू केली ना, मग सगळे जेवायला बसले."